प्रोसेसरसाठी लिक्विड कूलर: आकडे कसे वाचायचे, तुलना कशी करायची

‘ऑल-इन-वन’ लिक्विड कूलर घ्यायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी माणूस गोंधळतो. एकाच्या डब्यावर ३६० लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या डब्यावर २८०. कुणी पंपाच्या फेऱ्या मोठ्या अक्षरांत छापतो, कुणी पंख्याची हवा, आणि कुणाच्या पंपावर चक्क पडदा असतो. त्यात एका चाचणीत अमुक कूलरनं प्रोसेसर ६८ अंशांवर ठेवलेला दिसतो, तर दुसऱ्या चाचणीत तोच कूलर ८१ दाखवतो. गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते कुठल्या परिस्थितीत मोजलेत हे ओळखता आलं की निवड पुष्कळ सोपी होते. पहिल्यांदाच कूलर निवडणाऱ्यांना ती ओळख व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

आधी आत काय चालतं ते पाहू

प्रोसेसरवर जो ठोकळा बसतो त्याच्या तळाशी तांब्याची पट्टी असते. तिच्या आतल्या बाजूला अगदी बारीक खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांतून द्रव वाहतो. बहुतेक मॉडेल्समध्ये पंप याच ठोकळ्यात असतो. काही मोजक्या रचनांत तो रेडिएटरमध्ये (पंखे लावलेल्या, दाट पात्यांच्या चौकटीत) किंवा नळीच्या मध्ये बसवतात. दोन नळ्यांतून हा द्रव रेडिएटरपर्यंत जातो, तिथे पंख्यांची हवा त्याची उष्णता काढून घेते आणि तो परत येतो. सगळं कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं.

आतला द्रव म्हणजे पाणी, ग्लायकोल आणि गंज रोखणारी रसायनं. रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, म्हणून ती रसायनं लागतात. कधी कुणी ‘द्रव कमी झाला तर पाणी भर’ असं सुचवलं, तर हे लक्षात असू द्या.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त वाहून नेतं आणि शेवटी हवेलाच देतं. म्हणजे लिक्विड कूलरही अखेर हवेवरच चालतो. फायदा एवढाच, की प्रोसेसरच्या डोक्यावर मावणार नाही एवढा मोठा पृष्ठभाग कॅबिनेटच्या छताला किंवा पुढच्या बाजूला नेऊन ठेवता येतो. दुसरं, पाणी तापायला वेळ घेतं. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, जे तांब्याच्या दहापटींहून जास्त आहे. या संथपणामुळे छोटे झटके सहज पचतात, पण चाचण्यांचे आकडेही फसवे होतात. त्याबद्दल पुढे बोलू.

पहिली पायरी: तुमचा प्रोसेसर किती वॉट खातो?

डब्यावरचा टीडीपीचा आकडा, म्हणजे कूलर निवडण्यासाठी उत्पादकानं दिलेला उष्णतेचा ढोबळ अंदाज, हा प्रत्यक्ष खर्च नव्हे. रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी १७० वॉट आहे, पण सॉकेटमधून (मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीतून) तो २३० वॉटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००केवर मूळ आकडा १२५ वॉट लिहिलेला असतो, टर्बोची (वाढीव वेगाच्या वेळची) मर्यादा मात्र २५३ वॉट आहे. मदरबोर्डनं ती मर्यादा उठवली असेल तर तो ३०० च्याही वर जातो. याउलट रायझन ५ ७६०० चा टीडीपी ६५ वॉट आणि कमाल मर्यादा ८८ वॉट.

या तिघांना एकाच मापाचा कूलर लागत नाही, हे उघड आहे. आणि तुमचं काम काय, हेही महत्त्वाचं. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंगमध्ये सगळे कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे स्वतंत्र भाग) तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालतात. गेम खेळताना तसं होत नाही. रायझन ७ ७८००एक्स३डीची मर्यादा १६२ वॉट आहे, तरी गेममध्ये तो सहसा १०० वॉटच्याही खाली राहतो. निव्वळ गेमसाठी असा प्रोसेसर घेतला असेल तर ४२० चा अवाढव्य रेडिएटर घेऊन हाती फार काही लागणार नाही.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून तुमचं रोजचं काम अर्धा तास करा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची ओळ पाहा. जुन्या कूलरवर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत असेल तर हा आकडा खरा असेल त्याहून थोडा कमी दिसेल, तेवढी सूट धरा. हा आकडा कागदावर लिहून ठेवला की मग जाहिरातीकडे वळायचं.

इथेच एक गोष्ट मनापासून सांगतो. हा आकडा १२० वॉटच्या आत येत असेल तर चांगला हवेचा कूलर पुरतो. नॉक्टुआचा एनएच-डी१५ किंवा थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० असे दोन मनोऱ्यांचे (धातूच्या पात्यांचे दोन उंच गठ्ठे असलेले) कूलर २४० च्या कित्येक लिक्विड कूलरच्या तोडीस तोड चालतात. त्यांना पंप नाही, त्यामुळे पंप बिघडण्याचा प्रश्नच नाही. लिक्विड कूलर घ्यायचं कारण २०० वॉटच्या पुढची उष्णता असू शकतं, मनोरा न मावणारं कॅबिनेट असू शकतं किंवा मदरबोर्डवरचं वजन नको असणं. आणि दिसायला आवडतो हेही कारणच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरी पायरी: फूटपट्टी घ्या

कॅबिनेटच्या माहितीत ‘३६० रेडिएटर बसतो’ असं लिहिलेलं असतं. ते खरं असतं, पण अर्धंच. ३६० म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांची बेरीज. रेडिएटरच्या टोकांना छोट्या टाक्या असतात, त्या धरून लांबी साधारण ३९५ ते ४०० मिलिमीटर होते. २४० चा रेडिएटर असाच २७५ च्या आसपास जातो.

जाडीत तर जास्तच चुका होतात. नेहमीचा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड आणि पंखा २५, म्हणजे ५२. पण आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ सारख्यांचा रेडिएटर ३८ मिलिमीटरचा आहे, पंख्यासह ६३. हे ११ मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण छताला बसवताना तेच रॅमच्या उंच टोप्यांना किंवा मदरबोर्डच्या वरच्या कडेच्या हीटसिंकला (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) अडतात. म्हणून छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर स्वतः मोजा. पुढच्या बाजूला बसवणार असाल तर ग्राफिक्स कार्डाची लांबीही मोजा आणि तिथे नळ्या पोचतात का तेही पाहा.

तिसरी पायरी: रेडिएटरचं क्षेत्रफळ

इथे थोडं गणित करू, कारण नावातल्या आकड्यांवरून अंदाज चुकतो.

२४० म्हणजे १२० च्या दोन चौकटी: २८,८०० चौरस मिलिमीटर.
२८० म्हणजे १४० च्या दोन: ३९,२००.
३६० म्हणजे १२० च्या तीन: ४३,२००.
४२० म्हणजे १४० च्या तीन: ५८,८००.

२८० नाव ऐकून २४० चा थोरला भाऊ वाटतो, पण क्षेत्रफळात तो ३६० च्या शेजारी जाऊन बसतो. २४० पेक्षा ३६ टक्के जास्त आणि ३६० पेक्षा जेमतेम ९ टक्के कमी. शिवाय तेवढीच हवा ढकलायला १४० चा पंखा कमी फेऱ्यांत भागवतो, त्यामुळे आवाजही मऊ राहतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये १४० च्या पंख्यांची जागा असेल तर २८० कडे जरूर पाहा. मला हे माप नेहमीच उपेक्षित वाटत आलं आहे.

१२० चा एकपंखी लिक्विड कूलर फक्त अगदी छोट्या कॅबिनेटसाठी घ्यावा. इतर ठिकाणी साधा हवेचा कूलर त्याच्याहून बरा.

चौथी पायरी: चाचण्यांचे आकडे वाचणं

सगळा कस इथे लागतो, म्हणून इथे घाई करू नका.

सुरुवात खोलीच्या तापमानापासून. कूलर कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, एका चाचणीत खोली २१ अंश आणि प्रोसेसर ७४. दुसऱ्या चाचणीत खोली २९ आणि प्रोसेसर ८०. वरवर पाहता पहिला कूलर सहा अंशांनी पुढे आहे. वजाबाकी केली तर पहिल्याचा फरक ५३ येतो, दुसऱ्याचा ५१. म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर दुसरा कूलरच सरस. म्हणून ‘खोलीपेक्षा किती वर’ हाच आकडा शोधायचा. खोलीचं तापमान दिलेलंच नसेल तर त्या चाचणीतला आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडून पाहू नका. एकाच चाचणीतल्या कूलरची आपापसांत तुलना मात्र चालते.

मग वॉट. १५० वॉटला सगळे कूलर एका ओळीत दिसतात, २५० ला त्यांच्यातलं अंतर उघडं पडतं. तुमच्या कागदावरच्या आकड्याच्या जवळची चाचणी पाहा, बाकीच्या नुसत्या वाचून सोडा.

त्यानंतर आवाज. माझ्या मते याच मुद्द्यावर सर्वाधिक दिशाभूल होते. पंखे पूर्ण वेगानं सोडले की कुठलाही कूलर आलेखात वर सरकतो. घरी मात्र तो आवाज कुणी सहन करत नाही, दोन दिवसांत पंख्यांचा वेग खाली येतो आणि आलेखातला नंबर निरर्थक होतो. म्हणून ‘समान आवाजावर तापमान’ अशी चाचणी शोधा, जिथे प्रत्येक कूलरचे पंखे ठरावीक डेसिबलला आणून मग तापमान मोजलेलं असतं. एकच आलेख पाहायला वेळ असेल तर हाच पाहा. डेसिबलचे आकडे वाचतानाही सावध राहा. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, आणि मोजायचं यंत्र निम्म्या अंतरावर आणलं तर तोच आवाज सुमारे ६ डेसिबलनं जास्त दिसतो. अंतर सांगितलेलं नसेल तर दोन वेगवेगळ्या चाचण्यांतले डेसिबल शेजारी ठेवून काही कळत नाही.

चौथी गोष्ट वेळ. पाणी संथ तापतं, हे वर आलंच. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरला जोर लावणाऱ्या चाचणी-सॉफ्टवेअरची नेहमीची फेरी दहा मिनिटांची असते. मोठ्या रेडिएटरचा द्रव तेवढ्यात पूर्ण तापलेला नसू शकतो, मग कूलर आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. वीस-तीस मिनिटांनंतर तापमानाची रेघ सपाट झाली की मगचा आकडा खरा.

एक सापळा खास रायझनचा. ७००० मालिकेतले, नावाच्या शेवटी एक्स असलेले प्रोसेसर जमेल तितकी शक्ती घेत ९५ अंशांपर्यंत जातात आणि तिथेच स्थिर राहतात. ही त्यांची ठरवून केलेली रचना आहे, बिघाड नव्हे. अशा प्रोसेसरवर सगळ्या अंगानं जोर लावून चाचणी घेतली की साधा कूलरही ९५ दाखवतो आणि उत्तम कूलरही ९५. मग फरक शोधायचा तो ९५ अंशांवर प्रोसेसरला किती वॉट घेता आले आणि कोअरचा वेग किती राहिला यात.

शेवटी, दोन अंशांच्या फरकावरून निर्णय घेऊ नका. तोच कूलर काढून, पेस्ट (प्रोसेसर आणि पट्टी यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) पुसून, पुन्हा बसवला तरी एक-दोन अंश इकडचे तिकडे होतात. पाच अंशांचा फरक मात्र दखल घेण्याजोगा.

पाचवी पायरी: बाकीच्या गोष्टी, झटपट

पंख्याची माहिती वाचताना हवेच्या प्रमाणाबरोबर स्थिर दाब किती तेही पाहा. रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा ढकलायला दाब लागतो. पंपाच्या फेऱ्यांवरून कूलर तोलू नका, वेगळ्या रचनेच्या पंपांत त्यांची तुलना होत नाही. पडदा आणि दिवे प्रोसेसर थंड करत नाहीत. ते हवे असतील तर मदरबोर्डवर यूएसबी २.० चा अंतर्गत जोड मोकळा आहे का बघा आणि एक सॉफ्टवेअर कायम मागे चालणार हे गृहीत धरा. काही पंपांवर छोटा पंखा असतो, तो प्रोसेसरभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हवा सोडतो. हवेच्या कूलरमधून त्या भागाला आपोआप हवा मिळते, लिक्विड कूलरमध्ये ती थांबते. जड प्रोसेसर आणि साधा मदरबोर्ड अशी जोडी असेल तर हा पंखा उपयोगाचा.

सॉकेटची खात्री करा. एएम४ आणि एएम५ ही एएमडीच्या (म्हणजे रायझनच्या) सॉकेटची नावं, एलजीए१७०० आणि एलजीए१२०० ही इंटेलच्या. एएम४ चा कूलर बहुधा एएम५ वर बसतो. एलजीए१७०० ची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, त्याआधीच्या एलजीए१२०० ची ७५ वर, त्यामुळे जुना कूलर वापरायचा तर बसवण्याचा नवा संच लागतो. एएम५ वर उष्णता निर्माण करणाऱ्या चिपा मधोमध नसून एका बाजूला असतात. म्हणून काही उत्पादक ठोकळा थोडा सरकवून बसवायची सोय देतात. ती मिळत असेल तर वापरा, फुकटात एक-दोन अंश मिळतात.

वॉरंटी किती वर्षांची आहे आणि गळती झाली तर इतर भागांचं नुकसान तिच्यात धरलं आहे का, हे घेण्याआधीच वाचा. चांगल्या उत्पादकांची वॉरंटी पाच-सहा वर्षांची असते. कूलरचं आयुष्य मुळातच मर्यादित आहे, कारण रबरी नळ्यांच्या भिंतींतून द्रवाची वाफ वर्षानुवर्षं कणाकणानं बाहेर जात राहते.

सहावी पायरी: बसवणं

द्रवासोबत थोडी हवा प्रत्येक कूलरमध्ये असतेच, आणि हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते. ती जागा पंपाची असता कामा नये. एवढा एक नियम समजला की बसवण्याचे सगळे प्रश्न सुटतात. छताला रेडिएटर हे सर्वांत उत्तम. पुढच्या बाजूला उभा बसवत असाल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहिलं पाहिजे, आणि नळ्या खालच्या टोकाला आल्या तर अधिक चांगलं, म्हणजे वर साठलेली हवा नळीत शिरत नाही. तळाला रेडिएटर ठेवू नका. तिथे हवा पंपात येऊन बसते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो.

तांब्याच्या पट्टीवरचा प्लास्टिकचा कागद काढलात ना, हे दोनदा तपासा. पट्टीवर पेस्ट आधीच लावलेली असेल तर वेगळी लावायची गरज नाही. स्क्रू तिरपे तिरपे, थोडे थोडे करून आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर दाब एकीकडे जातो आणि एखादा कोअर विनाकारण तापतो. रेडिएटरला पंखे जोडताना सोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आतल्या द्रववाहिनीत घुसला तर नवा कोरा कूलर तिथेच संपला.

पंपाची वायर मदरबोर्डच्या ‘एआयओ पंप’ (एआयओ म्हणजे ऑल-इन-वन) जोडात लावा आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तो पूर्ण वेगावर ठेवा, उत्पादकानं वेगळं सांगितलं नसेल तर. पंख्यांची वायर ‘सीपीयू फॅन’मध्ये. तो जोड रिकामा राहिला तर चालू करताना पंख्याची चूक दाखवली जाते. दिव्यांचे जोड दोन प्रकारचे असतात: तीन पिनांचा ५ व्होल्टचा आणि चार पिनांचा १२ व्होल्टचा. पाचवाला बारावर लावला तर दिवे जळतात.

सातवी पायरी: पहिला अर्धा तास आणि पुढची वर्षं

चालू केल्यावर पहिली काही मिनिटं बुडबुड ऐकू येईल, ती साधी आहे. कॅबिनेट हळूच दोन्ही बाजूंना कलवलं की हवा वर निघून जाते. दोन-तीन दिवसांनंतरही आवाज तसाच राहिला तर रेडिएटरची जागा पुन्हा तपासा.

मग खोलीचं तापमान लिहून घ्या, सिनेबेंच अर्धा तास चालवा आणि फरक, वॉट, पंख्यांच्या फेऱ्या अशी एक ओळ नोंदवून ठेवा. पंख्यांचा वेग द्रवाच्या तापमानावर बांधता येत असेल तर तसा बांधा. ती सोय नसेल तर बायोसमध्ये पंख्यांना प्रतिसादासाठी काही सेकंदांचा विलंब द्या. एखादी फाइल उघडताना प्रोसेसर क्षणभर तापतो, पण द्रव तेवढ्यात तापतही नाही, आणि पंख्यांनी त्या प्रत्येक झटक्यामागे धावायचं काहीच कारण नाही.

दर काही महिन्यांनी रेडिएटरच्या पात्यांमधली धूळ काढा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मगच हवा मारा. वर्षातून एकदा तीच चाचणी करून जुन्या नोंदीशी ताडून पाहा. फरक सावकाश वाढलेला दिसला तर आधी धूळ, मग पेस्ट आणि त्यानंतर द्रव कमी झाल्याची शंका घ्या. एखाद्या दिवशी काही काम नसतानाही प्रोसेसर ९० च्या पुढे गेला, पंपावर हात ठेवल्यावर थरथर जाणवली नाही आणि एक नळी गरम तर दुसरी गार लागली, तर पंप बंद पडलाय. संगणक लगेच बंद करा आणि वॉरंटीची पावती शोधा.